रिकाम्या खुर्च्यांची हजेरी

जननीनं कामाक्षीमामींच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, बोटानं शीर चाचपली आणि सुई टेकवणार एवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

"आधी तो फोन बघ," मामी म्हणाल्या. "तुझं लक्ष तिकडे आणि सुई इकडे. दारासुरमहून उपाशीपोटी आलेय मी, ते काय दोनदा टोचून घ्यायला?"

"एकदाच टोचते, मामी. मूठ आवळा."

"लग्नाचा निरोप असेल तुझ्या."

"माझ्या लग्नाचा निरोप मला आधी येईल का तुम्हाला?"

"मलाच. साडी आमच्याच मागावरची घेणार ना तुझी आई?"

जननी हसली, रक्त घेतलं, कापसाचा बोळा दाबून मामींचा हात दुमडून दिला. नळीवर नाव चिकटवल्यावरच तिनं फोन पाहिला. पाळक जेबराज यांचा निरोप होता. 'पाक्कियम अम्मा पहाटे गेल्या. आज सकाळीच कमिटी बसतेय. तुला यावंच लागेल.'

पाक्कियम नदीकाठच्या चर्चची झाडलोट करायची. जननीला कळायला लागल्यापासून तिच्या हातात झाडू होता. रविवारच्या वर्गातून पळून आलेल्या पोरांना ती झाडूच्या टोकानं परत आत ढकलायची, आणि तिचा नवरा ज्ञानमुत्तु घंटा वाजवायचा. पोरं त्यांना पाटी आणि तात्ता म्हणत, आजी-आजोबा म्हणावं तसं, आणि तो सगळ्या पोरींना पाप्पा, म्हणजे बाळ, म्हणे. आता तिला पुरायचं होतं. प्रश्न एवढाच होता की कुठं.

चर्चच्या कबरस्थानाला दोन बाजू होत्या. वरची बाजू उंचवट्यावर, भिंतीआड, लोखंडी फाटकाच्या आत. तिथं वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या जुन्या घराण्यांच्या कबरी होत्या. जननीचे पणजोबा, आजोबा आणि गेल्या नाताळापासून वडीलही तिथंच. खालची बाजू कालव्याला लागून. तिथं दलित ख्रिस्ती. मिशनऱ्यांच्या काळात पडलेली ही वाटणी कुणी लिहून ठेवली नव्हती, आणि म्हणूनच कदाचित ती कुणाला खोडता आली नव्हती.

ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, महिना सरत आला की कालवा भरून वाहायचा आणि खालची बाजू पाण्यात जायची. मागल्या साली ह्याच दिवसांत तिथं चेल्लय्या रंगाऱ्याला पुरलं. पेटी तरंगू नये म्हणून वर दगड ठेवले. आठवड्याभरानं पेटीचा एक कोपरा चिखलातून वर आलेला दिसला. चर्चच्या युवक संघाची मुलं धावली, त्यांत जननीही होती. त्यांनी तो कोपरा पायांनी दाबून परत खाली घातला. दाबताना पेटीनं खालून जरा उलट ढकलल्यासारखं केलं होतं. पाणीच असणार ते. पण जननीच्या तळव्यांना ते ढकलणं अजून आठवत होतं, आणि कधी कधी लॅबच्या फरशीवर उभी असतानाही पाय चटकन उचलावासा वाटायचा.

आज खाली गुडघाभर पाणी होतं. वरच्या बाजूला पुरायचं तर कमिटीची परवानगी हवी होती. आणि ती कमिटी म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं.

चर्चमागच्या खोलीत कमिटीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असत. कमिटीचा एखादा वडीलधारा सभासद वारला, की घरातलं कुणी येऊन बसेपर्यंत खुर्ची त्याचीच राही. पूर्वी मुलं येऊन बसत. आता मुलं चेन्नईला, दुबईला, कॅनडाला. खुर्च्या रिकाम्या पडत गेल्या, पण हजेरीतून कुणीच गेलं नाही. ज्ञानमुत्तु एकेक नाव पुकारायचा. जिवंत असेल तो आपलं आपण बोले. रिकाम्या खुर्चीमागं मात्र ज्ञानमुत्तु जाऊन उभा राही, तिच्या पाठीवर हात ठेवी, थोडा थांबे आणि बोले. त्या वेळी त्याच्या तोंडून येणारा आवाज ज्ञानमुत्तुचा नसे.

जेबराज पाळक नवे आले तेव्हा हे ऐकून हसले होते. तिशीचा माणूस, मदुरैला शिकलेला. एका बैठकीला बसले आणि त्यानंतर हसायचे थांबले.

जननीनंही तो आवाज ऐकला होता. वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ती युवक संघाच्या मुलांची हार्मोनियम ठेवायला तिथं गेली होती. आत पंख्यांच्या खरेदीचा विषय चालला होता. बंद दाराआडून अप्पा म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू." स-श वर किंचित अडखळणारे, वाक्याच्या शेवटी दमून जाणारे तिचे अप्पा. ती हार्मोनियम मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली होती. युवक संघानं केव्हाच एकमुखानं ठरवलं होतं, की अप्पांच्या, म्हणजे शामुवेल राव यांच्या, खुर्चीवर जननीनं बसावं, कमिटीत एक तरी तरुण माणूस हवा. दर महिन्याला ती काही ना काही सबब सांगत होती. खुर्चीवर घरचं माणूस बसलं, की त्या खुर्चीचा आवाज कायमचा बंद होई. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

लॅबमधून सुट्टी मागून ती घरी साडी नेसायला आली. गावात तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असं हे घर. मराठी कसली, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावराकडे आलेल्या माणसांनी सोबत आणलेली. भुवनेश्वरी, तिची आई, लग्नाआधी विठ्ठलाच्या भजनी घरातली. नवऱ्यामागून ती चर्चला जात राहिली, पण खुर्च्यांचा प्रकार तिच्या गळी कधी उतरला नव्हता.

"पाक्कियम गेली म्हणे," आई निऱ्या धरून देत म्हणाली. "तूं आतां त्या खोलींत जाणार कां गे?"

"जायला पाहिजे, अम्मा."

"आमच्या घरीं मेलेल्यांना वर्षांतनं एकदां जेवूं घालतों आणि पाठवून देतों. तुमी लोक त्यांना कमिटींत बसवतां!"

"मी बसवलं नाही कुणाला."

"बसवणार तर नाहींस, उठवणार आहेस." आईचा हात निऱ्यांवर थांबला. "तूं बसलीस कीं ते जातील."

जननीनं खाली पाहिलं. आई मान वर न करता म्हणाली, "मी पण ऐकलें आहे. चैत्रांत. दाराशीं उभी होतें. पाळकांना सांगून ठेव, दार नीट लागत नाहीं."

दोघी एका घरात राहत होत्या, एका ताटलीतून मुरुक्कू खात होत्या, आणि हे एकमेकींना कधी बोलल्या नव्हत्या.

"काय म्हणत होते?" जननीनं विचारलं.

"काय म्हणतील? छपराची कौलं." आईनं पदर खांद्यावर टाचला. "पण आवाज ताजा होता गे."

*

ती पोचली तेव्हा ज्ञानमुत्तु खुर्च्या पुसत होता. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, आणि रोजच्यासारखं ओलं फडकं. रिकाम्या खुर्च्या तो जास्त काळजीनं पुसत होता, हातांवरून, पाठीवरून, बसलेल्या म्हाताऱ्याचं अंग पुसावं तसं.

"तात्ता, आज तुम्ही कशाला आलात? दुसरं कुणी पाहिलं असतं."

"दुसऱ्या कुणाला पुकारता येतं?" तो म्हणाला. "तिच्यापाशी बायका बसल्यात. रडायला त्या पुष्कळ आहेत."

जननी दारातच उभी राहिली. अप्पांची खुर्ची खिडकीखाली होती. उन्हाचा पट्टा तिच्या पायांशी येऊन थांबला होता.

"चेल्लय्यांच्या वेळी अप्पांनी काय सांगितलं होतं?"

ज्ञानमुत्तुनं फडक्याची घडी घातली. "खाली."

"अप्पांनी?"

"हळू म्हणाले. पण म्हणाले. तेव्हा जिवंत होते, आपल्या तोंडानं म्हणाले. सगळ्या खुर्च्या खालीच म्हणतात, पाप्पा. पहिल्यापासून."

अप्पा त्या दिवशी जेवले नव्हते. अपचन झालंय म्हणाले होते. जननीनं त्यांना जिऱ्याचं पाणी करून दिलं होतं, आणि त्यांनी ते निमूट प्यायलं होतं.

"आणि आज? पाक्कियम पाटीसाठीसुद्धा तुम्ही तेच बोलणार? तुमच्याच तोंडानं?"

"तोंड माझं. बोलणं त्यांचं."

"एकदा तुमच्या मनाचं बोला ना. कुणाला कळणार आहे?"

"त्यांना कळेल." ज्ञानमुत्तुनं भोवतालच्या खुर्च्यांकडे पाहिलं, अतिथींसमोर घरातलं भांडण निघाल्यावर माणूस पाहतो तसं. आवाज उतरवून तो म्हणाला, "मी मधे आपला शब्द घातला, तर पुढच्या वेळी ते येतील का?"

"नाही आले तर?"

कावेरी उद्यापासून वाहणार नाही असं कुणी सांगावं, तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

"मग मी कुणापाशी बसू?" तो म्हणाला. "तीही आज चालली."

*

जिवंतांपैकी त्या दिवशी तंगराज अय्या एकटेच होते. आणखी एक होते ते मुलाकडे बंगळुरूला. तंगराज अय्यांचं वय नव्वदीला टेकलेलं. वरच्या फाटकाची किल्ली त्यांच्या कमरेला असे आणि शेजारची खुर्ची त्यांच्या वडिलांची होती. वडील जाऊन साठ वर्षं होत आली होती, तरी अय्या बसताना त्या खुर्चीला धक्का लागू देत नसत.

पाळकांनी प्रार्थना केली, घसा खाकरला.

"अय्या, खाली गुडघाभर पाणी आहे."

"पाणी ओसरतं."

"तोवर पेटी कशी राहील?"

"चेल्लय्याला दगड ठेवले होते. राहिला."

"राहिले नव्हते, अय्या," दारातून जननी म्हणाली. "वर आले होते. आम्ही पायांनी दाबले त्यांना."

अय्यांनी मान न वळवता विचारलं, "कोण बोललं?"

"शामुवेल राव यांची मुलगी."

"बसली आहे का ती?"

"नाही, अय्या."

"मग कुणी बोललं नाही. उभ्या माणसाला इथं आवाज नसतो." त्यांनी काठी फरशीवर टेकवली. "ज्ञानमुत्तु, पुकार. बाई कुणाची आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तुला जमणार नसेल तर सांग."

"जमेल, अय्या."

त्यानं पहिलं नाव तंगराज अय्यांचंच पुकारलं.

"खाली," अय्या म्हणाले.

"मासिलामणी अय्या," ज्ञानमुत्तुनं पुकारलं आणि तो शेजारच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. पाठीवर हात ठेवला. डोळे मिटले नाहीत, काही नाही. फक्त त्याचा चेहरा, दिवा दुसऱ्या खोलीत नेल्यावर खोली व्हावी तसा झाला. मग जाड, तंबाखूनं खरवडलेला आवाज आला. "खाली." तंगराज अय्यांनी मान लववली, मुलानं बापापुढं लववावी तशी. त्या नव्वदीच्या माणसाच्या चेहऱ्यावर एक बालिश आज्ञाधारकपणा आला आणि गेला.

पुढची खुर्ची एका हेडमास्तरांची. पातळ, काटेकोर आवाज. "खाली." प्रत्येक शब्दागणिक ज्ञानमुत्तुच्या घरातली ती बाई पाण्याच्या आणखी जवळ जात होती, आणि तिला नेणारा तोच होता. पाळक आपल्या बोटांकडे बघत होते.

"शामुवेल राव."

ज्ञानमुत्तु खिडकीखालच्या खुर्चीमागं आला. पाठीवर हात ठेवण्याआधी त्यानं एकदा जननीकडे पाहिलं. विचारत होता तो. बसतेस, की ऐकतेस?

तिला ऐकायचं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण त्या घटकेला पाक्कियम, पाणी, युवक संघ, सगळं मागं सरलं आणि एवढंच उरलं, की आता अप्पा बोलतील. खाली म्हणतील, म्हणू देत. निदान म्हणतील. ज्ञानमुत्तुचा हात खुर्चीवर टेकला. त्याचा चेहरा रिकामा झाला. त्यानं श्वास आत घेतला, आणि तो श्वास अप्पांचा होता. फळ्यावर गणित लिहून झाल्यावर वर्गाकडे वळताना ते घ्यायचे तसा, थोडा अडखळून.

"थांबा," जननी म्हणाली.

ती चालत गेली आणि बसली.

खुर्ची गरम होती. ऊन अजून पायांशीच होतं, बैठकीपर्यंत पोचलं नव्हतं. तरी लाकूड ऊबदार होतं, कुणीतरी आत्ताच उठून जागा करून द्यावी तसं. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मागं ज्ञानमुत्तुनं अडकलेला श्वास सोडला, आणि तो आता त्याचाच होता, म्हाताऱ्याचा, विडीचा.

"माझं नाव पुकारा, तात्ता," ती म्हणाली.

त्यानं पाळकांकडे पाहिलं, अय्यांकडे पाहिलं. मग अवजड काही उचलावं तसं उच्चारलं, "जननी."

"वर," ती म्हणाली. "पाक्कियम पाटींना वर पुरायचं. आणि ह्यापुढं सगळ्यांनाच."

आवाज कापला तिचा. पण तिचाच होता.

तंगराज अय्यांनी काठी किंचित हलवली. एक म्हणजे काहीच नव्हे, असं. ज्ञानमुत्तु पुढच्या खुर्चीमागं गेला. नाव पुकारलं, हात ठेवला.

काही आलं नाही.

बाहेर रस्त्यावर नाचियार्कोविलच्या बसनं भोंगा दिला. ज्ञानमुत्तु थोडा वाकला, बहिऱ्या माणसानं वाकावं तसा. त्याचं तोंड उघडं होतं. त्यानं हात उचलला, पंच्याला पुसला, परत ठेवला. मग पुढच्या खुर्चीकडे गेला. तिच्या पुढच्या. नावं पुकारताना त्याचा आवाज चढत गेला, अंधारात घरच्यांना हाका मारणाऱ्यासारखा, आणि उत्तर कुठूनच आलं नाही.

"काय झालं?" अय्यांनी विचारलं.

"कुणी नाही, अय्या."

"नीट ऐक."

"ऐकलं. खुर्ची रिकामी आहे."

हे शब्द त्या खोलीत कुणी आजवर उच्चारले नव्हते. पाळकांनी नकळत आपले पाय जवळ घेतले.

"माझ्या वडिलांना विचार," अय्या म्हणाले. "आत्ताच बोलले ते. पुन्हा विचार त्यांना."

ज्ञानमुत्तु पुन्हा तिथं गेला. तो खोटं बोलू शकला असता. 'वर' म्हणून बायकोला कोरडी माती देऊ शकला असता, 'खाली' म्हणून अय्यांना त्यांचे वडील. त्यानं हात ठेवला आणि बराच वेळ वाट पाहिली. त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"नाहीत, अय्या. गेले."

तंगराज अय्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपला हात शेजारच्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवला. लाकूड चाचपलं. मग ते हळूहळू उठले. कमरेची किल्ली सोडली. ती त्यांनी पाळकांना दिली नाही की जननीला दिली नाही. वडिलांच्या खुर्चीवर ठेवली.

"मी कधी एकटा बोललो नाही," ते म्हणाले, "आता ह्या वयात काय बोलू?"

काठी टेकत ते गेले. किल्ली तिथून उचलायला पाळकांचा हात होईना. जननीनं उचलली. वळून पाहिलं तर ज्ञानमुत्तु फरशीवर बसला होता, फडकं मांडीवर घेऊन. बायकोला जागा मिळाली होती, आणि तो लुटला गेल्यासारखा दिसत होता. जननीला त्याची क्षमा मागावीशी वाटली. कशाबद्दल, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

*

दुपारी वरच्या बाजूला माती खणली. युवक संघाची मुलं होतीच. नाचियार्कोविलचा विघ्नेशही फावडं घेऊन बसनं आला. तो पितळी समया ओतणाऱ्यांतला, चर्चचा नव्हे, पण त्याची धाकटी बहीण संघाच्या संध्याकाळच्या शिकवणीला यायची. माती कोरडी लागली, तेव्हा खड्ड्यातून कुणीतरी "कोरडी आहे!" असं ओरडलं, विहिरीला पाणी लागल्यावर ओरडतात तसं, आणि लगेच गप्प झालं.

पेटी आली. फाटक सताड उघडं होतं. तरी खालच्या वस्तीतली माणसं फाटकाशी येऊन थांबली, बाया, पोरं, म्हातारे, सगळे एका रेषेत, जणू तिथं अजून काही बंद होतं. पेटी धरणारे आत आले आणि मागं कुणीच नाही. जननी परत गेली. "या," ती म्हणाली. कुणी हललं नाही. तिनं एका म्हातारीचा हात धरला; तो बर्फासारखा होता. म्हातारीनं आधी उजवा पाय आत ठेवला, जमीन उलट ढकलते का ते पाहिलं, आणि मग दुसरा.

आई अप्पांच्या कबरीपाशी उभी होती. माती पडू लागली तेव्हा तिनं जननीच्या कोपराला धरलं.

"कांहीं बोलले?"

"नाही, अम्मा."

"कांहींच नाहीं?"

"उठून जागा दिली."

आईनं मान डोलावली. पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

प्रार्थना झाली, फुलं पडली, माणसं पांगली. पाळक ज्ञानमुत्तुला घरी न्यायला आले, पण तो हलेना. जननी थांबली. तो बायकोच्या कबरीच्या डाव्या अंगाला गेला, पंचा काढून गवतावर अंथरला आणि तिच्या शेजारी सरळ आडवा झाला. हात छातीवर घेतले. कावळा खाली उतरला, जरा जवळ आला, आणि उडून गेला.

"तात्ता?"

"नारळाची काडी बघ एखादी," तो डोळे मिटूनच म्हणाला. "डोक्याशी खोच."

तिनं काडी शोधली, त्याच्या डोक्याशी मातीत खोचली. त्यानं टाचेनं पायाकडे एक खूण केली, मग अंग जरा ताणून पाहिलं.

"अजून थोडी वर, पाप्पा. पाय मोकळे पाहिजेत."

जननीनं काडी उपटली आणि चार बोटं वर सरकवून खोचली.